भैरवगढात वोटान

उज्जयिनीच्या उत्तरेस, क्षिप्रेच्या काठी वसलेल्या भैरवगढात काळभैरवाला मद्याचा नैवेद्य दाखवितात, ही वार्ता आता देशभर इतकी सर्वश्रुत झाली आहे की तिचे नवल वाटावयाचे दिवस मागे पडले. पुजारी बशीत मद्य ओततो, ती बशी शेंदूरचर्चित मूर्तीच्या ओठांशी तिरपी धरतो, बशी रिती होते, आणि बाटलीत उरलेला अंश प्रसाद म्हणून भक्ताच्या हाती परत येतो. परंतु तेराव्या शतकात आइसलँडच्या दूरस्थ बेटावर स्नोरी स्टुर्लसन नामक विद्वान सरदाराने आपल्या पूर्वजांच्या देवदेवतांची जी गद्य पोथी सिद्ध केली, तीत देवाधिपती ओडिन अन्नाला शिवत नाही, पानात आलेले सारे मांस तो आपल्या दोन लांडग्यांना घालतो आणि स्वतः केवळ मद्यावर राहतो, असे जे वर्णन आहे ते ज्याच्या वाचनात आले असेल, त्याला भैरवगढाच्या देवळापाशी निर्धास्त पहुडलेली, भैरवाचे वाहन म्हणून कोणी न हाकललेली कुत्री पाहून क्षणभर थबकावे लागते.

एवढ्या साम्यावरून या दोन्ही देवांचे गोत्र एक ठरविण्याचा माझा मुळीच इरादा नाही. एकोणिसाव्या शतकातील तौलनिक दैवतशास्त्राने अशा सोयरिकी इतक्या घाईने जुळविल्या की पुढच्या पिढीला त्यातील बहुतेक मोडाव्या लागल्या. ओडिन आणि वैदिक रुद्र यांची तुलना करणारे अभ्यासक त्यानंतरही झाले, आणि फ्रेंच पंडित झॉर्झ द्यूमेझील याने 1940 साली मित्र-वरुणांवर जो ग्रंथ लिहिला त्यात एकाक्ष ओडिनाचाही विचार आला. तरी नैवेद्यातील मद्य आणि पायाशी असलेले श्वापद एवढ्या भांडवलावर कुळाची वंशावळ मांडू नये. मला सांगावयाचे आहे ते निराळे आहे. याच ओडिनाला वोटान हे जर्मन नाव देऊन रिखार्ड वाग्नर याने ‘नीबेलुंगाची अंगठी’ हे जे चार रात्रींचे संगीतनाट्य रचले, ते लांबीसाठी जगभर बदनाम आहे. आणि ती लांबी ज्या कारणासाठी आहे ते कारण उमगावयास अवंतीच्या श्रोत्याला फारसे दूर जावे लागत नाही, असे माझे मत ते नाट्य भैरवगढातच प्रथम समग्र ऐकताना बनले.

ऐकले असे म्हणतो, पाहिले असे म्हणत नाही. येथील एका निवृत्त मास्तरांच्या संग्रही जॉर्ज शोल्टी याच्या संचालनाखाली व्हिएन्नाच्या सोफियनझाल या सभागृहात 1958 ते 1965 या काळात मुद्रित झालेल्या ध्वनिमुद्रणाचा संच आहे. मूळच्या 19 तबकड्यांचा हा संच म्हणजे या समग्र कृतीचे स्टुडिओत झालेले पहिले ध्वनिमुद्रण. उन्हाळ्याच्या सुटीत त्यांच्या वाड्याच्या ओसरीवर, शेजारच्या कारखान्यातून बाटिकच्या वितळत्या मेणाचा वास येत असताना, चार सायंकाळी आम्ही काही मंडळी ते ऐकावयास बसलो. त्यात शिंदेशाहीपासून उज्जयिनीत स्थायिक असलेल्या घराण्यांतले दोघे-तिघे होते, मास्तरांचे जुने विद्यार्थी होते, आणि ज्यांना सारे भैरवगढ चाचा म्हणून ओळखते ते छीपा समाजातील एक वयोवृद्ध छपाई-कारागीरही होते. जर्मन भाषा कोणासही येत नव्हती. मास्तर प्रत्येक अंकापूर्वी कथाभाग सांगत, आणि मग तबकडीवर सुई टेकवीत.

कथेचा मूळ मजकूर वाग्नरला एके ठिकाणी मिळाला नाही. जर्मनीचे आपले असे ‘नीबेलुंगांचे गीत’ सन 1200 च्या सुमाराचे. परंतु त्यात देव जवळजवळ नाहीतच, आहेत ते राजे, राण्या आणि त्यांची भाऊबंदकी. देव, राक्षस, बुटके, वाल्क्यूर कन्या आणि जगाचा अंत हे सारे त्याने आइसलँडच्या दप्तरातून उचलले: पद्य एड्डा, स्नोरीची गद्य एड्डा आणि व्होल्सुंग घराण्याची सागा. 1848 साली त्याने प्रथम लिहिले ते जीगफ्रीडच्या मृत्यूचे नाटक, म्हणजे कथेचा शेवट. मग त्याच्या ध्यानात आले की हा मृत्यू कळावयाचा तर प्रेक्षकाला नायकाचे बालपण ठाऊक हवे; म्हणून 1851 साली त्याने आधीचे नाटक लिहिले. बालपण समजण्यासाठी आईबापांची कथा हवी, आईबापांसाठी देवांचा मूळ अपराध हवा. अशा रीतीने 1852 अखेर तो उलट्या पावलांनी ऱ्हाइन नदीच्या तळापर्यंत जाऊन पोहोचला. संगीत मात्र त्याने सुलट क्रमाने दिले, आणि तेही अखंड नव्हे. 1857 साली तिसऱ्या नाटकाच्या दुसऱ्या अंकाशी लेखणी ठेवून त्याने मध्यंतरी दोन निराळी संगीतनाट्ये पुरी केली, 1869 साली पुन्हा हे काम हाती घेतले आणि नोव्हेंबर 1874 मध्ये शेवटचा स्वर लिहिला. सव्वीस वर्षांच्या या उलटसुलट वाटचालीची खूण कृतीत स्पष्ट दिसते, आणि ती कोठे दिसते हे पुढे येईलच.

कथा, तिच्या जर्मन अवडंबराखालून काढली तर, आपल्या जुन्या मामलेदार कचेरीत शोभणारी आहे. वोटान हा कायद्याचा देव. विश्ववृक्षाची फांदी तोडून त्याने भाला केला आणि साऱ्या जगाचे करारनामे त्या भाल्याच्या दांड्यावर कोरले. स्वतःसाठी वाल्हाला नावाचा कोट बांधण्याचा मक्ता त्याने फाझोल्ट आणि फाफनर या दोन राक्षसांना दिला आणि मजुरीच्या तारणात आपली मेहुणी फ्राया लिहून दिली. द्यावयाची नाहीच या बोलीने. काम पुरे झाले, राक्षस वसुलीस आले, तेव्हा देवाला अक्कल सुचली. तिकडे अल्बेरिख नावाच्या बुटक्याने प्रेमाचा कायमचा त्याग करून ऱ्हाइनच्या तळचे सोने पळविले होते आणि त्याची अंगठी घडविली होती. जो ती धारण करील त्याचा जगावर अंमल. वोटानने ती अंगठी कपटाने जप्त केली, लुबाडलेल्या बुटक्याने तिला शाप दिला, देवाने ती राक्षसांना देऊन मेहुणी सोडविली, आणि त्याच घटकेस एका राक्षसाने दुसऱ्याचा खून केला. यानंतर उरलेल्या तीन रात्री म्हणजे एका देवाची तगमग आहे: अंगठी परत हवी, पण ज्या फाफनरला ती कराराने दिली त्याच्याकडून ती हिसकावून घेतली तर भाल्यावरचे सारेच दस्तऐवज रद्दबातल होतात, आणि करारांच्या रद्दबातलीबरोबर देवाचा स्वतःचा हुद्दाही. बर्नार्ड शॉ याने 1898 साली या कृतीवर जे पुस्तक लिहिले त्यात अल्बेरिखच्या भूमिगत कारखान्यात भांडवलशाही पाहिली. ते वाचन एकांगी आहे, पण पहिल्या रात्रीपुरते मला अजून कोणी खोडून दाखविलेले नाही. त्या कारखान्यातून अठरा ऐरणींचा घणघणाट येतो, आणि चाचा तो ऐकताच सरळ बसले. काम करणाऱ्याला कामाचा आवाज कळतो.

परंतु भैरवगढात बसून ऐकणाऱ्याला कायद्याच्या बाजूपेक्षा प्रायश्चित्ताची बाजू अधिक जाणवते. काळभैरवाची पौराणिक कथा सर्वांस विदित आहे: ब्रह्मदेवाच्या गर्वाचे पारिपत्य म्हणून भैरवाने त्याचे पाचवे शिर नखाने छेदले, पण ब्रह्महत्या ती ब्रह्महत्याच, ती देवालाही सुटली नाही. छेदलेली कवटी हाताला चिकटली ती निघेना, आणि ब्रह्महत्या स्त्रीरूपाने पाठीस लागली. तेव्हा हा देव भिक्षापात्र म्हणून तीच कवटी पुढे करीत तीर्थामागून तीर्थ हिंडला आणि काशीस कपालमोचनाशी ती गळून पडली. न्याय करणारा स्वतः अपराधी ठरतो आणि न्यायाचे साधन त्याच्या हाताला चिकटून राहते, हा विचार आपल्या पुराणकारांना ज्या सहजतेने सुचला त्याच सहजतेने तो वाग्नरलाही सुचला असावा. वोटाननेही ज्ञानाच्या झऱ्याचे पाणी पिण्यासाठी एक डोळा दिला, फांदी तोडली, आणि त्यानंतर झरा आटला, वृक्ष वाळला. तिसऱ्या रात्री हा देव मोठी टोपी डोळ्यावर ओढून, भाल्याचा काठीसारखा आधार घेत, केवळ ‘भटक्या’ या नावाने अरण्यातून हिंडतो. फरक आहे तो शेवटात. आमच्या देवाला काशी मिळाली, आणि भैरवगढात येऊन तो आता सेनापतीसारखा बसला आहे. पानिपतानंतर महादजी शिंद्यांनी विजयाचा नवस बोलून आपली पगडी त्याच्या पायी ठेवली, अशी आख्यायिका सांगतात, आणि शिंदे घराण्याकडून पगडी अर्पण करण्याची वहिवाट पुढेही राहिली. वोटानला काशी नाही. चौथ्या रात्री तो रंगभूमीवर येतसुद्धा नाही. विश्ववृक्षाच्या ओंडक्यांची चिता वाल्हालाभोवती रचून तो मुकाट बसला आहे, एवढी बातमी त्याची एक कन्या सांगत येते. चार रात्रींच्या या नाट्याचा मुख्य देव शेवटच्या रात्री केवळ दुसऱ्यांच्या तोंडच्या वृत्तांतात उरतो.

आता लांबीची गोष्ट. पहिली रात्र अडीच तासांची, मध्यंतराशिवाय. बाकीच्या तीन रात्रींचे निव्वळ संगीतच सुमारे साडेतीन ते साडेचार तासांचे. एकूण पंधरा तासांच्या आसपास. ज्या बायरॉइट गावी वाग्नरने यासाठी स्वतंत्र नाट्यगृह उभारले तेथे खेळ दुपारीच सुरू होतो आणि अंकांमधल्या तासातासाच्या विश्रांतींसह रात्रीपर्यंत चालतो. 22 मे 1872 रोजी त्याची कोनशिला बसली, पैसे संपले, बव्हेरियाचा राजा दुसरा लुडविग याने 1874 साली कर्ज देऊन काम तडीस नेले, आणि 13 ऑगस्ट 1876 रोजी पहिल्या समग्र प्रयोगास आरंभ झाला. वादकांचा ताफा रंगमंचाखालच्या झाकलेल्या खळग्यात बसविला, प्रेक्षागारात अंधार केला, शाही कक्षांचा तोरा काढून टाकला. त्या ऑगस्टात तीन वेळा हे चार रात्रींचे आवर्तन झाले. लिस्ट, चायकोव्हस्की, ग्रीग आणि ब्राझीलचा सम्राट ही मंडळी आली. इंग्लंडहून मागविलेल्या अजगराच्या मानेचा भाग चुकून बायरॉइटऐवजी बैरूतला गेला अशी मौजेची गोष्टही सांगतात. आणि हिशेब मिटविताना एवढी तूट आली की ते नाट्यगृह पुढे 1882 पर्यंत बंद राहिले.

त्याच सुमारास पुण्यात काय चालले होते ते पाहावे. 31 ऑक्टोबर 1880 रोजी अण्णासाहेब किर्लोस्करांनी आनंदोद्भव नाट्यगृहात ‘संगीत शाकुंतल’चे पहिले चार अंक रंगभूमीवर आणले, 1882 साली वाग्नरचे अखेरचे संगीतनाट्य आणि किर्लोस्करांचे ‘सौभद्र’ ही दोन्ही काही महिन्यांच्या अंतराने आली. रात्रभर चालणारे नाटक मराठी माणसाला नवीन नव्हते; पण आमच्या नाटकाची लांबी लवचीक होती. पद रंगले की ‘वन्स मोअर’, पुन्हा रंगले की पुन्हा. एकाच पदाने रात्र तासभर पुढे जाई, आणि ती किती पुढे जावी हे नटाइतकेच पिटातले लोक ठरवीत. माळव्यातल्या माचाचीही तीच तऱ्हा. खांबपूजन होऊन उंच मंच उभा राहतो, चोपदार येतो, भिश्ती पाणी शिंपडतो, फर्रासन बिछायत घालते, आणि मग भरथरीचा किंवा हरिश्चंद्राचा खेळ ढोलक-सारंगीवर पहाटेपर्यंत गातगातच चालतो. नटाने बोल म्हणावा आणि साथीदारांनी टेक उचलून धरावी. उज्जयिनीच्या जयसिंगपुऱ्यात बालमुकुंद गुरूंची गादी या कलेत पूज्य मानतात. उज्जयिनीचेच ओमप्रकाश शर्मा यांना 2024 साली माचासाठी पद्मश्री मिळाली. माचाला बसणारा प्रेक्षक मध्येच डुलकी घेतो, चहा पिऊन येतो, आणि त्याचे काही चुकत नाही, कारण कथा त्याला जन्मापासून ठाऊक असते.

वाग्नरला डुलकी खपत नाही. त्याच्या पंधरा तासांतून एकही पद सुटे काढून पुन्हा मागता येत नाही. स्वरांचा प्रवाह अंकभर अखंड वाहतो आणि टाळीला जागाच ठेवलेली नाही. आपल्या कानाची पहिली अडचण तर त्याहून मूलगामी आहे. पहिल्या रात्रीचा आरंभ होतो तो 136 मापांच्या एका स्वरमेळाने: मंद्र सप्तकात खर्जाचा एक स्वर उमटतो, त्यावर एकामागून एक शिंगे चढतात, तारवाद्यांच्या लहरी उठतात, आणि चार-पाच मिनिटे तोच षड्ज, तोच मेळ, नदीसारखा भरत जातो. येथवर आमची मंडळी प्रसन्न होती. पण ऱ्हाइनकन्यांनी गावयास प्रारंभ केला आणि लवकरच षड्ज हलला. मग तो जो हलत राहिला तो पंधरा तास कोठे कायमचा टेकलाच नाही. अखेर तो जेथे विसावतो ते ठिकाण आरंभाच्या षड्जाहून एक पूर्ण स्वर खाली आहे. ज्याचा कान तंबोऱ्यावर पोसलेला आहे त्याला हे बेघर झाल्यासारखे वाटते, आणि त्याने ते वाटू द्यावे. कारण त्या षड्जाच्या जागी वाग्नरने कानाला दुसरे काही धरावयास दिले आहे.

ते म्हणजे त्याची लहान लहान सूचक स्वरवाक्ये. अंगठीचे एक, शापाचे एक, भाल्याचे, तलवारीचे, अग्नीचे. पात्राच्या तोंडी शब्द काहीही असोत, खाली वाद्यमेळ आपले स्मरण सांगत असतो. विष्णुदास भाव्यांच्या नाटकात पात्रे आयत्या वेळचे बोलत आणि कथेचा खरा धागा सूत्रधाराच्या गाण्यात असे. येथे तो सूत्रधार खळग्यात बसलेला आहे आणि शब्दांवाचून गातो. पहिल्या प्रवेशाच्या अखेरीस अंगठीचे अशुभ, वळसे घेणारे स्वरवाक्य ऐकू येते आणि दुसऱ्या प्रवेशाकडे जाताजाता तेच, ओळखता येईल न येईल अशा पालटाने, वाल्हालाच्या भव्य, शांत सुरावटीत विरघळते. देवाचा कोट आणि बुटक्याची अंगठी एकाच धातूची आहेत, हे कोणीही न बोलता सांगून झाले. मास्तर हे समजावून सांगू लागले तेव्हा चाचांनी त्यांना थांबविले आणि आपल्या कामाचीच गोष्ट सांगितली. जुन्या पद्धतीच्या छपाईत हिरड्याच्या पाण्यातून काढलेल्या पिवळट कापडावर दोन ठसे उठवितात: एक गूळ घालून आंबविलेल्या लोखंडी मोडीच्या काटाचा, दुसरा डिंकात कालविलेल्या तुरटीचा. काटाचा ठसा तिथल्या तिथे काळा उमटतो. तुरटीचा ठसा डोळ्याला दिसेल न दिसेल. नवख्याला वाटते की कापड कोरेच राहिले. ते कापड नदीच्या वाहत्या पाण्यात धुऊन तांब्याच्या भांड्यात अलिझरिनच्या उकळीत घातले की जिथे तुरटी बसली होती तिथे लाल फुले उघडतात, आणि ती घाईने धुतली असतील तर फाटक्या कडांची उघडतात. काही सूर असे दिसावयाचे म्हणून नसतात, उकळीसाठी ठेवलेले असतात, एवढेच त्यांचे म्हणणे. वाग्नरवरच्या पुष्कळ ग्रंथांत या तंत्राच्या याद्या आहेत. यादीत नाव आले की ठसा काळा झाला, आणि याद्या वाचून ऐकणाऱ्याला तुरटीचे काम कधी दिसत नाही.

येथेच त्या उलट्या लेखनाची खूण भेटते. शेवटचे नाटक आधी लिहिले असल्यामुळे त्यात मागची हकीकत सांगणारी निवेदने होती. नंतर ती मागची हकीकत स्वतंत्र नाटकांत प्रत्यक्ष दाखविली, तरी निवेदने तशीच राहिली, आणि नव्या नाटकांत आणखी भर पडली. दुसऱ्या रात्री वोटान आपल्या लाडक्या कन्येला, ब्रुनहिल्डला, पहिल्या रात्रीचा सारा वृत्तांत सांगतो. तिसऱ्या रात्री भटका देव आणि एक बुटका यांच्यात डोक्याची पैज लावून कोड्यांचा सामना होतो व त्यात पुन्हा तीच कथा. चौथ्या रात्रीच्या आरंभी तीन नॉर्न भगिनी दैवाचा दोर वळता वळता तीच कथा सांगतात, आणि तो दोर तुटतो. पाश्चात्त्य टीकाकारांनी या पुनरुक्तींवर फार तोंडसुख घेतले आहे आणि पुष्कळ श्रोते येथेच हार खातात. मला मात्र हा आक्षेप कीर्तन न ऐकलेल्या माणसाचा वाटतो. स्कंदपुराणाच्या अवंतीखंडात चौऱ्यांशी लिंगांची माहात्म्ये आहेत, आणि एखादी परिचित कथा नव्या लिंगापाशी पुन्हा उभी राहते तेव्हा सांगणारा कोण, विचारणारा कोण आणि कोणत्या संकटात विचारले, यावरून तिचा अर्थ पालटतो. वोटानचे ते दीर्घ निवेदन जवळजवळ कुजबुजीने सुरू होते, वाद्ये नावापुरती. पहिल्या रात्री ज्या कपटावर तो खूश होता तेच आता तो कबुलीजबाब म्हणून सांगत आहे. कथा तीच, जामीन मात्र बदलला. मला विचाराल तर साऱ्या कृतीतला हा सर्वांत श्रेष्ठ अर्धा तास आहे, तलवारी आणि घोडेस्वार वाल्क्यूर कन्यांची प्रसिद्ध दौड त्यापुढे फिकी.

इतके स्मरण साठवून वाग्नरला काय करावयाचे होते, हे चौथ्या रात्री कळते. आणि येथे भैरवगढाच्या शेजारच्या गढकालिकेचा विषय आपोआप निघतो, कारण परंपरा कालिदासाला त्या देवीचा उपासक मानते. ‘शाकुंतला’तही अंगठी आहे, शाप आहे, विस्मरण आहे, आणि नदी आहे. विल्यम जोन्सच्या 1789 च्या इंग्रजी अनुवादावरून गेओर्ग फॉर्स्टर याने 1791 साली ‘शाकुंतल’ जर्मनीत नेले आणि गटेपासून साऱ्यांना त्याने वेड लावले. शूबर्टने 1820 साली त्यावर संगीतनाट्य आरंभून अर्धवट सोडले, आणि वाग्नरपंथी फेलिक्स वाइनगार्टनरचे ‘शकुंतला’ 1884 साली वायमारला झाले. तेव्हा वाग्नरने कालिदासापासून काही उचलले असेल काय, असा मोह होतो. तो आवरावा. नायकाला पेय पाजून प्रियेचा विसर पाडावयाचा हा प्रकार व्होल्सुंग सागेतच आहे. वाग्नरचे भारतीय वाचन निराळ्या वाटेचे होते: 1854 साली शोपेनहॉवर, मग ब्यूर्नूफचा बौद्धमतावरील ग्रंथ, आणि त्यातून 1856 साली आनंद भिक्षू व प्रकृती यांच्यावरील एका नाटकाचा आराखडा, जो कधीच पुरा झाला नाही. त्याच वर्षी त्याने ब्रुनहिल्डच्या अखेरच्या भाषणासाठी पुनर्जन्मातून सुटकेचा विचार मांडणाऱ्या ओळी लिहिल्या आणि पुढे त्यांना संगीत दिलेच नाही.

उसनवारीचा प्रश्न सोडला म्हणजे साम्यापेक्षा भेद अधिक बोलका दिसतो. दुष्यंत विसरतो तेव्हा प्रेक्षकाला दुर्वासाचा शाप ठाऊक असतो. शचीतीर्थाच्या पाण्यात पडलेली अंगठी माशाच्या पोटातून परत येते, राजाला आठवण होते, आणि आठवण झाल्यामुळेच पुढचे मीलन शक्य होते. जीगफ्रीड पेयामुळे आपल्या प्रियेला, ब्रुनहिल्डला, विसरतो तेव्हा अंगठी हरवत नाही, उलट ती त्याच्या बोटावर असते. परक्या वेषात जाऊन त्याने ती ब्रुनहिल्डच्याच हातून ओढून काढली आहे आणि दुसऱ्याच्या वधूपदासाठी तिला जिंकून आणली आहे. भर सभेत तिला ती त्याच्या हातावर दिसते. शकुंतलेची फिर्याद अंगठी नसल्यामुळे खारीज झाली, ब्रुनहिल्डची फिर्याद अंगठी दिसल्यामुळे उभी राहिली. मग अरण्यात अल्बेरिखचा मुलगा हागेन जीगफ्रीडला उताऱ्याचे पेय पाजतो आणि बालपणाच्या गोष्टी सांगावयास लावतो. तो सांगू लागतो, आम्ही तिसऱ्या रात्री ऐकलेले पक्ष्याचे गाणे त्याच्या कंठात येते, मग अग्नी, मग निजलेली ब्रुनहिल्ड; स्मृती परत येण्याच्या त्या क्षणी दोन कावळे उडतात, तो वळून पाहतो, आणि हागेनचा भाला त्याच्या पाठीत शिरतो. दुष्यंताला आठवले म्हणून तो वाचला, याला आठवले म्हणून हा मेला. त्याचे शव वाहून नेताना जे वाद्यसंगीत वाजते त्यात त्याच्या आईबापांचे, तलवारीचे, त्याच्या साऱ्या वंशाचे सूर क्रमाने येतात. रंगमंचावर ते आठवणारा आता कोणी जिवंत नाही, म्हणून ते काम श्रोत्याकडे सोपविलेले आहे. त्यासाठी पंधरा तास लागतात. ज्याने मधल्या रात्री वगळल्या त्याला ही निव्वळ एक भव्य शोकयात्रा वाटेल, आणि मैफलीत हा भाग सुटा वाजवितात तेव्हा ती तशीच वाटते.

घरी अंगठीसाठी हागेन प्रेताच्या बोटाला हात घालतो तेव्हा मेलेला हात आपसूक वर उठतो. मास्तरांनी हे सांगितले तेव्हा ओसरीवरचे कोणी हसले नाही. भैरवाच्या हाताला चिकटलेल्या कवटीच्या गावात ते हसण्यासारखे नव्हते.

या मनुष्याविषयी एक गोष्ट न सांगणे हा लबाडीचा प्रकार होईल. 1850 साली त्याने संगीतातील ज्यूंविषयी टोपणनावाने एक विषारी निबंध लिहिला आणि 1869 साली तो स्वतःच्या नावाने पुन्हा छापला; त्याच्या मृत्यूनंतर अर्ध्या शतकाने हिटलर बायरॉइटचा मानाचा पाहुणा झाला. ‘नीबेलुंगाची अंगठी’मधील बुटक्यांच्या चित्रणात ज्यूंचे विडंबन आहे, असे थिओडोर आडोर्नोसारख्या विचारवंताने म्हटले आहे, आणि तिसऱ्या रात्री ज्या तिटकाऱ्याने बुटक्या मीमेचे रडके गाणे रचले आहे ते ऐकताना मला तो आरोप खोटा म्हणवत नाही. 1976 साली शताब्दीच्या प्रयोगात पात्रिस शेरो या फ्रेंच दिग्दर्शकाने ऱ्हाइनच्या जागी विजेच्या कारखान्याचे धरण उभे केले आणि देवांना कारखानदारांचे कोट घातले, तेव्हा बायरॉइटच्या निष्ठावंतांनी शिट्ट्या मारल्या; त्याने देवांवरचा शेंदूर खरवडून काढला, हे बरेच झाले.

अखेरच्या प्रवेशात ब्रुनहिल्ड चिता पेटविते आणि घोड्यासह तीत शिरते, ऱ्हाइन काठ सोडून चढते, अंगठी नदीला परत मिळते, वर वाल्हाला जळू लागतो. वाग्नरने या ठिकाणासाठी वेळोवेळी निरनिराळे उपसंहार लिहिले होते, बोध करणारेही. अखेर त्याने शब्द काढून टाकले आणि वाद्यांवर भिस्त ठेवली. महापुराच्या आणि आगीच्या सुरांवरून एक लांब, चढती, मृदू सुरावट तरंगत येते आणि तिनेच सारे संपते. ती कोणाची, यावर आमच्यात वाद झाला. मास्तर म्हणाले, ब्रुनहिल्डच्या प्रेमाची, तिसऱ्या रात्रीच्या शेवटची असावी. एका माजी विद्यार्थ्याने ती ऱ्हाइनकन्यांची ठरविली. चाचा म्हणाले, “नाही मास्तर, ती दुसऱ्या रात्रीची. ती पोटुशी बाई अरण्यात पळून जाण्याआधी ओरडून गाते ना, तीच. एकदाच येते.” दुसऱ्या नाटकाच्या तिसऱ्या अंकाची तबकडी काढून लावली: पोटात जीगफ्रीड आहे असे कळताच जीगलिंड ब्रुनहिल्डला दुवा देत जे गाते ते हेच सूर होते, आणि त्यानंतर शेवटच्या प्रवेशापर्यंत वाग्नरने ते कोठेही वापरलेले नाहीत. मास्तरांनी आपल्या टिपणवहीत दुरुस्ती केली, आणि पुढच्या उन्हाळ्यात हाच संच पुन्हा ऐकावयाचा की ‘पार्सिफाल’ मिळवावयाचे, यावर नवा वाद सुरू झाला.